जर्मनीतल्या किटामध्ये आठ आठवडे: नाशिकहून निघण्याआधीची तयारी

नाशिकच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती बालविकास विषयात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि ऑक्टोबरपासून एका सत्रासाठी जर्मनीतल्या विद्यापीठात आदानप्रदानासाठी जाणार आहे. त्यातले आठ आठवडे तिथल्या बालवाडीत शिकवायचं आहे. जर्मन ए-टू पातळीपर्यंत, म्हणजे प्राथमिक दुसऱ्या टप्प्यापर्यंत, झालं आहे. ती विचारते: पाठ टाचणं किती काढून नेऊ, फ्लॅशकार्ड इथेच तयार करू का, आणि इंग्रजी बडबडगीतं चालतील का?

पाठ टाचणं एकही नेऊ नका. हे उत्तर ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून कारण सांगते. तुमचा प्रश्न ‘मी काय शिकवू’ असा आहे. खरी अडचण मात्र दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे ठरलेल्या दिवशी तुम्हाला मुलांच्या खोलीत पाऊल ठेवता येईल का, आणि हे कागदांवर ठरतं. दुसरी म्हणजे तीन वर्षांच्या मुलाबरोबर, त्याच्या भाषेत, काहीही न ‘शिकवता’ तासभर राहता येईल का. फ्लॅशकार्डांचा या दोन्हींशी संबंध नाही.

तिथल्या बालवाडीला रोजच्या बोलण्यात ‘किटा’ म्हणतात. तीन वर्षांखालच्या मुलांचा विभाग तो क्रिपे, तीन ते सहाचा तो किंडरगार्टन. शाळा साधारण सहाव्या वर्षी सुरू होते. त्याआधी मुलांना वाचन-लेखन शिकवण्याचा, गृहपाठाचा किंवा परीक्षेचा प्रश्नच येत नाही. दिवसाचा मोठा भाग मुक्त खेळाचा असतो. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान मुलं येतात, मग सगळे गोल करून बसतात, नाश्ता होतो, खेळ होतो, अंगणात किंवा रानात जाणं होतं, साडेअकरा-बाराला जेवण, नंतर विश्रांती. यात ‘आता माझा तास’ अशी जागाच नसते. चाळीस मिनिटांचं टाचण घेऊन गेलात तर ते मांडायला कोपरा सापडणार नाही आणि तुम्ही उगाच खट्टू व्हाल.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि प्रत्येकाचा बालशिक्षणाचा आराखडा वेगळा. एखादी किटा नगरपालिकेची असते, एखादी चर्चची, एखादी पालकांनी मिळून चालवलेली. काही ठिकाणी मुलांचे ठरलेले गट असतात, तर काही ठिकाणी सगळी दारं उघडी असतात आणि मूल हवं त्या खोलीत जातं. म्हणून किटाचं नाव कळताच पहिल्या पत्रात हे विचारा: माझा गट कोणत्या वयाचा, गट ठरलेले की खुले, माझी मार्गदर्शक कोण, कोणते कागद पहिल्या दिवसाआधी लागतील, आणि या आठ आठवड्यांत किटा कधी बंद आहे. शेवटचा प्रश्न विसरू नका. नाताळ ते नवीन वर्ष बहुतेक किटा बंद असतात. डिसेंबरात सुरू केलेले आठ आठवडे सहज साडेसहा होतात आणि मग तास भरत नाहीत.

कागदांत सगळ्यात जास्त अडकवणारा कागद गोवराचा आहे. १ मार्च २०२० पासून जर्मनीत गोवर संरक्षण कायदा लागू आहे. १९७० नंतर जन्मलेल्या आणि किटात काम करणाऱ्या प्रत्येकाला गोवराच्या लशीचे दोन डोस झाल्याचा किंवा रोगप्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा काम सुरू होण्याआधी द्यावा लागतो. प्रशिक्षणार्थीही त्यात आले. पुरावा नसेल तर किटाची इच्छा असूनही ती तुम्हाला आत घेऊ शकत नाही.

तुमच्या वयाच्या मुलींचं इथे नेमकं काय होतं ते बघा. २००४-०५ च्या सुमारास जन्मलेल्यांना सरकारी लसीकरणात नवव्या महिन्याला गोवराचा एकच डोस मिळायचा. दुसरा डोस २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा पंधरा वर्षांखालच्या मुलांना शाळेतच टोचलं गेलं. म्हणजे तुमचे प्रत्यक्षात दोन डोस झालेले असू शकतात. पण पहिला आईने जपलेल्या पिवळट कार्डावर मराठीत लिहिलेला असतो आणि दुसऱ्याचं कार्ड बहुधा हरवलेलं असतं. ‘लहानपणी गोवर येऊन गेला’ हे आजीचं सांगणं तिथे पुरावा ठरत नाही.

यातून वाटा तीन. जुनं कार्ड नीट असेल तर डॉक्टरांकडून ते इंग्रजीत उतरवून घ्या. नसेल तर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचे दोन डोस पुन्हा घ्या, मध्ये किमान अठ्ठावीस दिवस ठेवा. आधी घेतलेली असताना पुन्हा घेतल्याने नुकसान होत नाही. ही जिवंत विषाणूची लस आहे, त्यामुळे गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. तिसरा मार्ग म्हणजे गोवराची आयजीजी रक्त तपासणी (ती प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवते) करून डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेणं. मी डोसांचा मार्ग सुचवते, कारण तपासणीचा आकडा काठावर आला की पुन्हा डोसच घ्यावे लागतात आणि मधले आठवडे वाया जातात. नोंदीत पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, लशीचं नाव, बॅच क्रमांक, दोन्ही तारखा, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसतं ‘एमएमआर दिली’ असं चिठ्ठीवर लिहून आणलेलं परत पाठवलं जातं. त्याच भेटीत कांजिण्या, डांग्या खोकला आणि कावीळ अ यांबद्दलही विचारून घ्या. लहान मुलांत काम करणाऱ्यांना तिथे या लशींची शिफारस असते.

दुसरा कागद चारित्र्याचा. जर्मन किटा ‘फ्युअरुंग्सत्सोइग्निस’ मागते, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचा दाखला, आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी त्याचा विस्तारित प्रकार लागतो. तो तिथल्या नागरिक कार्यालयातून मिळतो, शुल्क १३ युरो. पण त्यासाठी दोन गोष्टी हातात लागतात: किटाचं मागणीपत्र आणि तिथल्या पत्त्याची नोंदणी. पत्त्याची नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, आणि तिला घरमालकाची सही असलेला राहत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे साखळी अशी बनते: खोली, मालकाचा दाखला, पत्त्याची नोंदणी, चारित्र्याचा दाखला, मग किटा. तात्पुरत्या वसतिगृहात किंवा ओळखीच्यांच्या खोलीत उतरलात आणि त्यांनी दाखला द्यायला नकार दिला की साखळी पहिल्याच कडीला तुटते. खोली ठरवताना भाड्याच्याही आधी ‘नोंदणीसाठी दाखला मिळेल का’ हे लेखी विचारा. कार्यालयाची वेळ इथूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही. आणि किटातला पहिला दिवस पोहोचल्यापासून चार-पाच आठवड्यांनंतरचा मागा, पहिल्या आठवड्यातला कधीच नको.

जर्मन दाखल्यात तुमची भारतातली माहिती नसते, म्हणून काही किटा भारतातलं पोलीस क्लिअरन्सही मागतात. ते पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करून नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, शुल्क ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता मालेगावचा किंवा दिंडोरीचा आणि तुम्ही राहता गंगापूर रोडच्या हॉस्टेलवर, असं असेल तर चौकशी रेंगाळते. सध्याचा पत्ता अर्जात खरा लिहा आणि भाडेकरार किंवा हॉस्टेलचं पत्र जवळ ठेवा. एजंट म्हणतात म्हणून प्रत्येक कागदाचं ॲपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून घ्यायचा सरकारी शिक्का) करायला पैसे भरू नका. काय लागतं ते विद्यापीठाला ईमेलवर विचारा आणि त्या उत्तरावर चाला.

व्हिसाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. खर्चाची तरतूद दाखवायची रक्कम २०२५ मध्ये महिन्याला ९९२ युरो होती. म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२ युरो. ती बदलत असते, अर्जाच्या आठवड्यात पुन्हा बघा. इथे लक्ष द्यायचं ते एका वाक्याकडे: विद्यापीठाच्या पत्रात ‘किटातलं प्रशिक्षण हा या सत्राच्या अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे’ असं स्पष्ट लिहून घ्या. अनिवार्य आणि ऐच्छिक प्रशिक्षणाचे नियम वेगळे आहेत. ऐच्छिक प्रशिक्षण परदेशी विद्यार्थ्याला वर्षात मिळणाऱ्या कामाच्या दिवसांत मोजलं जातं. पत्र मोघम असलं की तिथे गेल्यावर स्पष्टीकरणं देत बसावं लागतं.

ऑक्टोबरचं जाणं धरलं तर कामाचा क्रम असा बसतो. मार्च-एप्रिलमध्ये जुनं लसीकरण कार्ड शोधा, पासपोर्टची मुदत बघा आणि खोलीसाठी अर्ज करा. मेमध्ये पहिला डोस, जूनमध्ये दुसरा. जून-जुलैत व्हिसाचा अर्ज आणि पोलीस क्लिअरन्स. ऑगस्टमध्ये आरोग्य विमा आणि जबाबदारी विमा. हा दुसरा विमा आपल्याकडे कुणी काढत नाही, पण किटाची चावी हरवली तर सगळ्या दारांची कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. सप्टेंबर पूर्ण भाषेसाठी मोकळा ठेवा.

ए-टू पातळी सुरुवातीला पुरते, पण तुमचं ए-टू बहुधा पुस्तकी असेल. परीक्षेत हॉटेलची खोली कशी मागायची हे शिकवतात. किटामध्ये दिवसभर चालते ती जोडे, नाक, लघवी, चिखल आणि ‘हे माझं आहे’ यांची भाषा. शिवाय तिथली बरीच क्रियापदं तुटणारी असतात: आनत्सीएन म्हणजे कपडे घालणं, आउसत्सीएन म्हणजे काढणं, आउफरॉयमन म्हणजे आवरणं. वाक्यात त्यांचा पहिला तुकडा निघून शेवटी जातो. घालायचं की काढायचं, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. तेव्हा शेवटचा शब्द ऐकायची सवय कानाला लावा.

साठ-सत्तर वाक्यं इतकी पक्की करा की विचार न करता तोंडातून यावीत. ‘झोल इख् डिअर हेल्फन?’ म्हणजे मदत करू का? ‘वो टूट एस वे?’ म्हणजे कुठे दुखतंय? ‘श्टॉप, दास टूट ईम वे’ म्हणजे थांब, त्याला लागतंय. आणि सगळ्यात उपयोगाचं: ‘इख् हाबं डिख् निख्त फेरश्टांडन, त्साइग माल’, म्हणजे मला कळलं नाही, दाखव बघू. मूल हाताला धरून नेतं आणि दाखवतं. न कळता ‘या, या’ करत मान हलवणं मात्र टाळा. मुलाने ‘मी बाहेर जाऊ का’ विचारलं असेल आणि तुम्ही हो म्हटलेलं असेल. मराठी बोलणाऱ्यांना एक गोष्ट सोपी जाते: जर्मन आकड्यात एकक आधी येतो, आपल्या ‘चोवीस’सारखाच. इंग्रजीतून विचार केलात तरच घोळ होतो.

मुलं शिक्षकांना नावाने आणि ‘डू’ म्हणजे ‘तू’ म्हणूनच हाक मारतात. पालकांशी मात्र ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ने सुरुवात करा. इंग्रजी बडबडगीतांची गरज नाही. ‘अडगुलं मडगुलं’ किंवा ‘ये रे ये रे पावसा’ हावभावांसह म्हटलेलं मुलांना जास्त आवडतं, कारण ते खरोखर तुमचं असतं. गोलात बसल्यावर दोन मिनिटांचं एक गाणं पुरे. तेच रोज म्हणा, आठवड्याने मुलं स्वतः मागतील.

आता निरीक्षण. किटात तुमच्याकडून पहिली अपेक्षा हीच असते, आणि हे नाशिकमध्ये राहून शिकता येतं. जवळची अंगणवाडी गाठा, पंचवटी असो की सातपूर. सेविकाताईंची परवानगी घ्या आणि आठवड्यातून दोन सकाळी, असे सहा आठवडे नुसतं बसा. एक मूल निवडा, दहा मिनिटं बघा आणि जे दिसलं तेवढंच लिहा. ‘हट्टी आहे’, ‘हुशार आहे’ हे निरीक्षण नव्हे, तो तुमचा निकाल झाला. ‘तीन वेळा डबी उलटी लावली, चौथ्यांदा फिरवून बघितली, लागल्यावर शेजारच्या मुलीकडे पाहून हसला’ हे निरीक्षण. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक ओळीत विशेषणं घुसतील. ती खोडत राहा. नंतर हेच जर्मनमध्ये लिहायचं आहे, आणि कृती लिहायला जर्मन फार लागत नाही, मतं लिहायला खूप लागतं.

यासाठी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी-कोसबाडचं काम जरूर वाचून जा. बोर्डीत १९४५ पासून त्यांनी बालवाडी मुलांच्या दारात, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. परिसरातल्या वस्तू हेच साहित्य मानलं. जर्मनीत तुम्हाला कुणी तरी नक्की विचारेल की तुमच्याकडे बालशिक्षण कसं आहे. तेव्हा ‘आमच्याकडे फार मागे आहे’ असं म्हणू नका. हे सांगा, नीट तपशिलाने सांगा.

रोजच्या वागण्यात चार ठिकाणी आपल्या सवयी आडव्या येतात. पहिलं जेवण. ‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा’ म्हणत आपण मुलाच्या मागे फिरतो, त्यात माया असते. तिथे मूल स्वतः वाढून घेतं, स्वतः खातं आणि ‘नको’ म्हणालं की विषय संपतो. भरवायला गेलात तर मार्गदर्शक हळूच थांबवेल. आपलं पोट भरलंय हे मुलाला स्वतः ओळखता यावं, हा त्यामागचा विचार आहे.

दुसरं स्पर्श. गालगुच्चा, पापी, दिसलं मूल की कडेवर उचलणं हे नाही. मूल स्वतः मांडीवर येऊन बसलं तर बसू द्या. कपडे बदलण्याचं आणि लंगोटाचं काम नव्या व्यक्तीला सुरुवातीचे काही आठवडे सहसा देत नाहीत. दिलं तर मुलाला आधी विचारलं जातं आणि दार उघडं ठेवलं जातं. क्रिपेत नवीन मुलं रुळण्याचा काळ चालू असेल तर तुम्हाला कोपऱ्यात शांत बसायला सांगतील. मन लावून बसा. त्या वेळी बाळ एकाच व्यक्तीशी नातं बांधत असतं आणि दुसरा उत्साही चेहरा त्यात अडथळा ठरतो.

तिसरं फोटो. पालकांच्या लेखी संमतीशिवाय एकही फोटो नाही, पाठमोरा नाही, व्हॉट्सॲप स्टेटसवर तर नाहीच. फोन कपाटात ठेवा. मुलांची नावं, घरची परिस्थिती बाहेर बोलायची नाही, हॉस्टेलवरच्या मैत्रिणीशी मराठीतही नाही.

चौथं ‘नाही’ म्हणणं. मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं, या वळणात आपण वाढलेलो असतो. पण प्रशिक्षणार्थीवर मुलांच्या गटाची एकटीने जबाबदारी टाकणं योग्य नाही. माणसं कमी असलेल्या दिवशी कुणी ‘जरा दहा मिनिटं बघ’ म्हणालं तर ‘मला एकटीला परवानगी नाही’ हे जर्मन वाक्य तयार ठेवा आणि शांतपणे म्हणा. औषध, मलम, चावलेली गोचीड काढणं यांतलं काहीही स्वतः करू नका, लगेच सांगा. आजारी असाल तर कामाची वेळ सुरू होण्याआधी फोन करा. आणि आठवड्यातून एकदा अर्धा-एक तास मार्गदर्शकाशी बसायची वेळ पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. नंतर मागितलेली वेळ कामाच्या गर्दीत निसटते.

सामानाचं सोपं आहे. किटासाठी चिखलात घालायची रबरी पँट (तिला माट्शहोझं म्हणतात), रबरी बूट आणि आत घालायच्या चपला लागतात. हे सगळं तिथेच घ्या, वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात स्वस्त मिळतं. निफाडची थंडी सोसलेली असली तरी तिथे पावसात दीड तास उभं राहायचं असतं. एका जाड स्वेटरापेक्षा तीन पातळ थर आणि वर पाणी न शिरणारं जॅकेट बरं.

मुलांसाठी नेताना खाऊ नेऊ नका. आपला चिवडा आणि चिक्की यांत शेंगदाणे असतात आणि गटात एखाद्या मुलाला त्यांची ॲलर्जी असू शकते. पेढे आणि तूप तर नेताच येत नाही, युरोपीय संघात बाहेरून दूध व मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सागरगोटेही घरी ठेवा. त्या बिया आहेत, सीमेवर अडचण येते, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. त्याऐवजी येवल्याच्या पैठणीचा काठ, जुन्या मऊ नऊवारीचा मोठा तुकडा, वारली चित्रांचे दोन-तीन कागद न्या. नऊवारीच्या तुकड्याची झोळी होते, नदी होते, घर होतं. मुक्त खेळात त्याच्याइतकं चालणारं साहित्य मला माहीत नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर ते आधी कळवा. वाढदिवसाला मुलं प्रेमाने अस्वलाच्या आकाराच्या जेली गोळ्या देतात, त्यात बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. ‘मी हे खात नाही, पण आभार’ म्हटलेलं मुलांना सहज चालतं.

निघण्याआधी एक पान तयार करा: तुमचा हसरा फोटो, नाव, नाशिकहून आल्याचं, काय शिकता, कधीपासून कधीपर्यंत असाल, काय करायला आवडतं. पाच-सहा सोप्या जर्मन वाक्यांत. हे पान किटाच्या दारावर लागतं आणि मुलाला सोडायला आलेले पालक ते वाचतात. नावाखाली उच्चारही लिहा.

आणि एक कागद परतीचा. तुमच्या महाविद्यालयाला प्रमाणपत्रात काय हवं, एकूण तास, मुलांचं वय, केलेल्या कामांची यादी, सही-शिक्का, हे विभागप्रमुखांकडून आत्ताच लिहून घ्या आणि त्याचा जर्मन नमुना किटाच्या प्रमुखांना सहाव्या आठवड्यात द्या. शेवटच्या दिवशी मागितलं तर सही करणारी व्यक्ती रजेवर असू शकते, आणि इथून टपालाने मागवलेला मूळ कागद यायला सत्राचा निकाल उलटून जातो.